स्तनाची पुनर्रचना: आत्ता, नंतर, की नकोच?

कळव्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही आणि पत्र थोडे आटोपशीर करून छापत आहे.

"मी ४४ वर्षांची आहे. घरूनच पोळी-भाजी केंद्र चालवते, रोज दोनशेच्या आसपास पोळ्या होतात. मिस्टर रिक्षा चालवतात. मुलगी बारावीला आणि मुलगा आठवीत आहे. गेल्या महिन्यात डाव्या स्तनात गाठ लागली. बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि काखेतल्या गाठींतही तो पोहोचला आहे. स्तनाच्या बऱ्याच भागात कॅल्शियमचे कण पसरलेले असल्यामुळे पूर्ण स्तन काढावा लागेल, मग केमो आणि शेवटी रेडिएशन, असे दोन्ही ठिकाणी सांगितले. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात म्हणाले, त्याच वेळी इम्प्लांट (कातडीखाली ठेवायची सिलिकॉनची पिशवी) बसवून टाकू, एकाच भुलीत काम होईल, नंतर केले तर इतके चांगले होत नाही. त्यांचे पॅकेज आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण मिस्टर कर्ज काढायला तयार आहेत. दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात म्हणाले, आधी कॅन्सरचे उपचार पुरे होऊ द्या, बाकीचे नंतर पाहू. मोबाइलवर वाचले तर पोटाचे मांस लावतात, पाठीचे लावतात, असे किती तरी प्रकार दिसले. मला पाच वर्षांपासून शुगर आहे, तीन महिन्यांची सरासरी ८.४ आली. दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली. सासूबाई म्हणतात, जीव वाचला तरी पुष्कळ झाले, या वयात हे कोणासाठी? मलाही बोलायला लाज वाटते, पण आंघोळ करताना पुढचा विचार आला की रडू येते. पंधरा दिवसांवर ऑपरेशन आहे. मी काय करू?"

ताई,

तुमच्याकडे पंधराच दिवस आहेत, म्हणून माझे मत आधी सांगते आणि कारणे नंतर देते. कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरलेल्या तारखेलाच होऊ द्या. त्याच वेळी इम्प्लांट बसवून घेण्यासाठी कर्ज काढू नका. मात्र पुढे पुनर्रचना करून घ्यायची आहे हे आत्ताच डॉक्टरांना सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्या, कारण त्या एका ओळीमुळे आताच्या शस्त्रक्रियेतल्या काही गोष्टी वेगळ्या विचाराने केल्या जातात. मी डॉक्टर नाही. तीस वर्षे शल्यविभागात परिचारिका होते, त्यातली शेवटची अकरा वर्षे कर्करोगाच्या वॉर्डात काढली. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते तुमच्या सर्जनांसमोर ठेवून, त्यांच्याशी बोलूनच पक्के करा.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. हे तुमच्यासाठी आहे. चव्वेचाळीस वर्षे ज्या शरीरात तुम्ही राहिलात, त्याचा एक भाग जाणार म्हटल्यावर डोळ्यांत पाणी येण्यात लाजण्यासारखे काहीही नाही, आणि तो भाग पुन्हा घडवून घ्यावासा वाटणे म्हणजे नटवेपणाही नव्हे. माझ्या वॉर्डात पासष्ट वर्षांच्या आजींनी पुनर्रचना करून घेतलेली मी पाहिली आहे, आणि तिशीतल्या मुलीने शांतपणे "मला नको" म्हटलेलेही पाहिले आहे. दोघींचेही बरोबर होते. सासूबाईंना तुमच्या जिवाची काळजी आहे, तेवढीच त्यांच्या बोलण्यातून ऐका. हा निर्णय त्यांचा नाही, आणि एका अर्थी तुमच्या मिस्टरांचाही नाही.

पूर्ण स्तन का काढायचा, हे तुम्हाला दोन्ही ठिकाणी कारणासह सांगितले गेले, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. इतर वाचकिणींसाठी एवढेच सांगते की, गाठ लहान व एकाच जागी असेल तर ती तेवढीच काढून पुढे रेडिएशन घेणाऱ्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, हे इटलीतील मिलान आणि अमेरिका इथल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यांतून २००२ मध्येच दिसून आले आहे. ज्यांना कारण सांगितलेले नाही त्यांनी ते जरूर विचारावे.

आता इम्प्लांटविषयी. सिलिकॉनचा पहिला इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवला गेला, म्हणजे ही काही नवखी गोष्ट नाही, आणि योग्य रुग्णासाठी ती चांगलीही आहे. ऑपरेशन तुलनेने लहान असते, शरीरावर दुसरीकडे जखम होत नाही आणि रुग्ण लवकर घरी जाते. अडचण तुमच्या बाबतीत आहे आणि तिचे नाव रेडिएशन. बाहेरची कोणतीही वस्तू आत ठेवली की शरीर तिच्याभोवती पातळ आवरण तयार करते. रेडिएशनमुळे ते आवरण जाड होते, आकसते आणि इम्प्लांटला मुठीत धरल्यासारखे आवळते. मग स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो, आणि काही जणींना तो काढून टाकावा लागतो. ज्यांना रेडिएशन घ्यावे लागते त्यांच्यात ही तक्रार कितीतरी जास्त दिसते. तुमच्या काखेत गाठी असल्यामुळे रेडिएशन होणार हे जवळजवळ नक्की आहे. म्हणजे आज कर्ज काढून जी वस्तू बसवायची, तिच्यावरच काही महिन्यांत किरणांचा मारा होणार.

शिवाय इम्प्लांट आयुष्यभराचा नसतो. दहा-पंधरा वर्षांत किंवा त्याआधीही तो बदलण्याची वेळ येऊ शकते, आणि तो खर्च आजच्या पॅकेजमध्ये नसतो. काही ठिकाणी आधी एक्स्पांडर नावाची रिकामी पिशवी बसवून तिच्यात दर एक-दोन आठवड्यांनी सलाइन भरत कातडी ताणली जाते आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये इम्प्लांट येतो. केंद्र बंद ठेवून एवढ्या फेऱ्या करायच्या आणि त्याच काळात केमोचीही चक्रे चालू ठेवायची, हे कागदावर सोपे दिसते तेवढे नसते. ज्या वाचकिणींना रेडिएशन नाही आणि ज्या इम्प्लांटच निवडतील, त्यांनी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून फाइलला लावून ठेवावे. कंपनी, माप आणि बॅच क्रमांक त्यावरच असतो. २०१९ मध्ये एका कंपनीचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट एका दुर्मीळ लिम्फोमाच्या (लसिका पेशींच्या कर्करोगाच्या) धोक्यामुळे जगभरातून परत मागवले गेले होते, त्या वेळी ज्यांच्याकडे स्टिकर होते त्यांनाच आपला इम्प्लांट कोणता हे लगेच कळू शकले.

दुसरे कारण केमोचे आहे. तुमचा जीव ज्या उपचारावर अवलंबून आहे तो शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हायला हवा. त्याच वेळी पुनर्रचना केली की जखमा वाढतात. एखाद्या टाक्यात पू झाला, कातडीची कड काळी पडली, तर ती भरेपर्यंत केमो थांबते. साखर ८.४ असताना जखम चिघळण्याचा धोका आणखी वाढतो. पुनर्रचना पुढे ढकलली तर साखर ताब्यात आणायला तुम्हाला कित्येक महिने मिळतात, आणि त्या वेळचे ऑपरेशन अधिक सुरक्षित होते.

"नंतर केले तर इतके चांगले होत नाही" हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणून त्यातला खरा अर्धाही तुम्हाला माहीत असायला हवा. त्याच वेळी पुनर्रचना केली तर स्तनाची मूळ कातडी पुष्कळशी राखता येते, त्यामुळे आकार अधिक नैसर्गिक दिसतो. नंतर केली तर छातीवर सपाट व्रण असतो, कातडी दुसरीकडून आणावी लागते आणि तिच्या रंगातला फरक ठिगळासारखा दिसत राहतो. मधले वर्ष-दीड वर्ष सपाट छातीने काढावे लागते, तेही सोपे नसते. पण "नंतर होतच नाही" असे कोणी सूचित केले असेल तर ते खरे नाही. रेडिएशन संपल्यावर सहा महिने ते वर्षभर थांबून स्वतःच्या शरीरातल्या मांसाने केलेली पुनर्रचना ही नेहमीची गोष्ट आहे आणि पाच वर्षांनीही ती करता येते.

आता या स्वतःच्या मांसाच्या पुनर्रचनेविषयी. शरीराच्या एका जागेवरून दुसरीकडे नेलेल्या अशा मांसाला फ्लॅप म्हणतात. यात प्रकार अनेक आहेत, आणि मोबाइलवर वाचताना सर्वांत नवा तोच सर्वांत चांगला असे वाटत राहते. इथे मला एक रात्र सांगायची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी, एका खासगी रुग्णालयात माझी रात्रपाळी होती. दुपारी एका बाईंचे पोटाच्या फ्लॅपचे मोठे ऑपरेशन झाले होते. पोटावरची चरबी आणि कातडी त्यांच्या रक्तवाहिन्यांसह पूर्ण सुटी करून, छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडली होती. अशा फ्लॅपकडे पहिले दोन दिवस तासातासाला पाहावे लागते. हाताची पाठ लावून ऊब पाहायची, रंग पाहायचा, बोटाने हलके दाबून सोडायचे आणि दाबलेली जागा पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते मोजायचे. रात्री दोनला रंग जांभळट दिसू लागला, फ्लॅप थोडा फुगला, आणि दाबून सोडल्यावर रंग फारच झटकन परत येऊ लागला. याचा अर्थ रक्त आत जात होते, पण बाहेर पडणारी शीर तुंबली होती. अशा वेळी हाताशी थोडेच तास असतात. रुग्ण पुन्हा टेबलावर घेऊन जोड उघडला तर फ्लॅप वाचतो. मी फोन केले. सर्जन लांब राहत होते, भूलतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात अडकले होते, आणि सूक्ष्मदर्शक ज्या खोलीत होता तिची किल्ली सकाळी येणाऱ्या माणसाकडे होती. पहाट होईपर्यंत तो फ्लॅप काळा पडला होता. ऑपरेशन ज्यांनी केले त्यांचा हात उत्तम होता, पण त्या हातामागे रात्री उभे राहणारे कोणी नव्हते.

त्या रात्रीपासून मी कोणालाही "कोणती शस्त्रक्रिया सर्वांत चांगली?" या प्रश्नाचे उत्तर देत नाही. मी उलट विचारते की हे ऑपरेशन रात्री दोन वाजता कोण सांभाळणार आहे? तुमच्या रुग्णालयात महिन्याला अशी किती होतात? बिघडले तर त्याच रात्री पुन्हा ऑपरेशन होऊ शकते का? आणि घरी गेल्यावर काही झाले, तर जवळचा साधा सर्जन ते हाताळू शकेल, की दर वेळी त्याच मोठ्या रुग्णालयात धाव घ्यावी लागेल? मुंबई परिसरात सूक्ष्मशल्यक्रिया रोज होते अशी केंद्रे आहेत, तिथे पोटाचा असा फ्लॅप जरूर करावा. त्यात पोटाचा स्नायू शाबूत राहतो, म्हणून तो उत्तम मानला जातो. पण महिना-दोन महिन्यांतून एखादा होत असेल तिथे सहा ते आठ तासांचे ते ऑपरेशन निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मदर्शक न लागणारे दोन मार्ग उरतात, आणि माझ्या मते साधनांची मर्यादा असलेल्या ठिकाणी विचार त्यांचाच व्हावा. दोन्हींत रक्तवाहिनी तोडत नाहीत. मांस आपल्या देठासह फिरवून छातीवर आणतात.

पहिला पोटाचा. बेंबीखालची कातडी आणि चरबी, पोटाच्या उभ्या स्नायूला तशीच जोडलेली ठेवून, कातडीखालून बोगदा करून वर घेतात. १९८२ मध्ये अमेरिकी सर्जन हार्ट्रॅम्फ यांनी ही पद्धत मांडली. आकार चांगला येतो, इम्प्लांट लागत नाही. पण पोटाच्या भिंतीतला एक आधार निघून जातो. तुमची दोन सिझेरियन झाली आहेत. खालचा आडवा छेद असेल तर सहसा त्याची अडचण येत नाही, बेंबीखाली उभा छेद असेल तर मात्र रक्तपुरवठा एका बाजूचाच भरवशाचा राहतो, तेव्हा छेद कसा आहे ते डॉक्टरांना दाखवा. मला खरी काळजी तुमच्या कामाची वाटते. दोनशे पोळ्यांची सहा-सात किलो कणीक, भाजीची पातेली, पाण्याच्या कळशा, हे सगळे रोज उचलणाऱ्या बाईच्या पोटाची भिंत कमकुवत करणे म्हणजे हर्नियाला वाट करून देणे. त्यात मधुमेह असला की वर नेलेल्या चरबीचा काही भाग मरून तिथे कडक गाठी राहण्याची शक्यताही वाढते, आणि मग दर तपासणीला त्या गाठीने जीव टांगणीला लागतो.

दुसरा पाठीचा. काखेखालून पाठीवर पसरलेला जो रुंद, चपटा स्नायू असतो तो वरच्या कातडीसह काखेतून पुढे फिरवून छातीवर आणतात. ही कल्पना इटलीतल्या तान्सिनी नावाच्या सर्जनांनी १९०६ मध्ये वापरली, मधल्या काळात ती मागे पडली आणि १९७० च्या दशकात पुन्हा रूढ झाली. जुनी आहे म्हणून कमअस्सल समजू नका. या फ्लॅपचा रक्तपुरवठा इतका भरवशाचा असतो की रेडिएशन झालेल्या छातीवरही तो टिकतो, मधुमेहातही बहुधा साथ देतो. ऑपरेशन साधारण तीन-चार तासांत होते आणि ते करू शकणारे प्लास्टिक सर्जन पुष्कळ आहेत. त्याची मुख्य तक्रार म्हणजे पाठीत पाणी साठणे, पण ते बाह्यरुग्ण विभागात सुईने काढता येते, कधी तीन-चार वेळा काढावे लागते. त्यासाठी कळव्याहून दर वेळी लांब जायला नको, सर्जनच्या चिठ्ठीवर जवळचा सर्जनही ते करू शकतो. हाच मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे.

उणीव दोन गोष्टींची आहे. पाठीवर चरबी फारशी नसते, त्यामुळे स्तन मध्यम किंवा मोठा असेल तर आकार दुसऱ्या बाजूएवढा भरत नाही. मग स्नायूसोबत आजूबाजूची चरबी जास्त घेतात, किंवा पुढे कधी मांडीची-पोटाची चरबी सुईने काढून भरतात, किंवा खाली लहान इम्प्लांट ठेवतात. दुसरी उणीव खांद्याची. हा स्नायू हात खाली आणि मागे ओढण्याच्या कामी येतो. गर्दीच्या लोकलमध्ये दांडा धरून स्वतःला वर खेचताना, हाताने रेटून जमिनीवरून उठताना, परातीत कणीक मळताना अंग टाकताना तो वापरला जातो. बहुतेक जणींचे बाकीचे स्नायू काही महिन्यांत ते काम उचलतात. तुमचा रोग डाव्या बाजूला आहे आणि तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर पोळ्या लाटायला पुढे अडचण येईल असे मला वाटत नाही, पण पहिले दोन-तीन महिने मळायला मदत लागेल. सर्जनना तुमचा व्यवसाय स्वतःहून सांगा. ते बहुधा "गृहिणी" एवढेच लिहून पुढे जातात.

एक प्रश्न तुम्हाला कोणी विचारला नसेल, म्हणून मी विचारते. तुम्ही मिसरी लावता का? आपल्याकडे मिसरीला बायका तंबाखू मानतच नाहीत, "दात घासायला" म्हणून सांगतात, आणि केस पेपरवर तंबाखूपुढे "नाही" असे लिहिले जाते. मिसरी ही भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि त्याच वाहिन्यांवर फ्लॅप जगतो. लावत असाल तर आज बंद करा. आताच्या जखमेसाठीही ते गरजेचे आहे.

आता केस पेपरवर काय लिहून घ्यायचे ते सांगते. "रुग्णास पुढे पुनर्रचना हवी आहे" ही ओळ असली की सर्जन दोन गोष्टी लक्षात ठेवतील. पाठीच्या स्नायूला रक्त देणारी वाहिनी काखेतूनच जाते. काखेतल्या गाठी काढताना ती सहसा राखलीच जाते, तरी तसा आग्रह नोंदवलेला बरा, आणि राखली गेली की नाही हे ऑपरेशनच्या नोंदीत लिहायला सांगा. दुसरे म्हणजे छाती नीट सपाट शिवून हवी, काखेकडे कातडीचा फुगवटा उरायला नको, असे सांगा. पुढे पुनर्रचना करण्याचे तुमच्या मनातून गेले तरी हा फुगवटा ब्लाउजच्या शिवणीला रोज घासत राहतो. सांगायला संकोच करू नका. सर्जन रागावत नाहीत, उलट रुग्णाला नेमके काय हवे ते कळल्याने त्यांचे काम सोपे होते.

मधल्या काळासाठी, आणि कदाचित कायमसाठीही, कृत्रिम स्तनाचा पर्याय आहे. कायमसाठी म्हणते, कारण रेडिएशन संपेपर्यंत पुष्कळ जणींना पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावेसे वाटत नाही, आणि तसे वाटले तर तो तुमचा पराभव नाही. पहिले सहा-आठ आठवडे जखमेवर वजन नको, तेव्हा मऊ सुती कापसाची उशी पुरते. पुढे वजनाची लागते. वजन नसेल तर ती बाजू वर सरकते आणि काही महिन्यांत मान-खांदा दुखू लागतो. सिलिकॉनचे तयार कृत्रिम स्तन मिळतात, महाग असतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याखाली घाम साचतो, म्हणून रोज साबणाने धुऊन कोरडे करावे लागतात. माझ्या वॉर्डातल्या एक बाई स्वतः शिवणकाम करायच्या. त्यांनी मलमलीच्या दुहेरी कापडाची, काखेकडे निमुळती होत जाणारी पिशवी शिवली, आत कापूस आणि मधोमध मोहरीची छोटी पुरचुंडी ठेवली, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दुसऱ्या बाजूशी वजन जुळवले. जुन्या ब्रेसियरला आतून सुती खिसा लावला की ती हलत नाही. पावसाळ्यात मात्र धान्याला बुरशी धरते, म्हणून पुरचुंडी सुटी ठेवायची आणि दर महिन्याला बदलायची. रेडिएशन चालू असताना त्या कातडीवर यातले काहीही नको, सैल सुती कपडा तेवढा वापरा.

पैशांविषयी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे आणि तिच्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिच्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. त्यांना मूळ शस्त्रक्रियेबद्दल तर विचाराच, पण पुनर्रचना कोणत्या पॅकेजखाली बसते आणि ती वेगळ्या वर्षी केली तर कागदपत्रे कोणती लागतील, हेही आत्ताच लिहून घ्या. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन जा. ज्यांच्याकडे मेडिक्लेम आहे त्यांना "ही कॉस्मेटिक सर्जरी, पैसे मिळणार नाहीत" असे सांगितले जाते. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींत सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळली आहे, पण अपघात, भाजणे आणि कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीबाहेर ठेवली आहे. नकार आला तर तो लेखी मागा आणि विमा लोकपालांकडे तक्रार करा.

आणि खासगी रुग्णालयाने जे पॅकेज दिले आहे त्याची फोड मागा. इम्प्लांटची किंमत वेगळी, दोन्ही बाजू सारख्या दिसण्यासाठी उजव्या बाजूवर काही करायचे असेल तर ते वेगळे, स्तनाग्राचे काम वेगळे, गुंतागुंत झाली तर दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा? ही उत्तरे कागदावर येईपर्यंत मिस्टरांना कर्जाच्या अर्जावर सही करू देऊ नका.

पुनर्रचना केली तर आत पुन्हा कॅन्सर झाला तरी कळणार नाही, अशी एक भीती घराघरांत आहे. तशी लपाछपी होत नाही. पुनर्रचनेने रोग उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, आणि उलटलाच तर तो बहुधा कातडीजवळ येतो आणि तपासताना हाताला लागतो. मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. नवा स्तन दिसायला स्तन असतो, पण त्याला पूर्वीची संवेदना नसते. सपाट छातीलाही बराच काळ बधिरपणा असतो. तुम्ही रोज तव्यासमोर उभ्या असता. वाफेचा चटका, तेलाचा थेंब, थंडीत छातीशी धरलेली गरम पाण्याची पिशवी, यांतले काहीच जाणवणार नाही आणि कातडी भाजून फोड आल्यावरच कळेल. शेगडीपाशी जाड सुती एप्रन घाला आणि गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला कधीही लावू नका.

रेडिएशनसाठी आता पुष्कळ ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा घ्यायचा क्रम असतो. टाटाचे खारघरचे केंद्र तुम्हाला परळपेक्षा सोयीचे पडू शकते, ठाण्याहून पनवेल गाडीने थेट जाता येते. कुठे घ्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण प्रवासाची अडचण त्यांना सांगा. ते संपले की वर्षभराने, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सातच्या आसपास आल्यावर, पुनर्रचनेसाठी प्लास्टिक सर्जनची वेळ घ्या. त्या भेटीला ऑपरेशनची नोंद, रेडिएशनचा सारांश आणि वर लिहिलेले रात्रीच्या दोनचे प्रश्न सोबत न्या.

या पंधरा दिवसांत करायचे काम थोडेच आहे. केस पेपरवर ती ओळ, आरोग्यमित्रांची भेट आणि रोजची साखर. समोरून उघडणारे दोन गाऊन शिवून घ्या आणि त्यांना आतून एक खिसा लावा. जखमेतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी आणि तिचा डबा आठवडा-दहा दिवस सोबत असेल, तो हातात धरून फिरावे लागू नये. ऑपरेशननंतर सहा आठवडे डाव्या हाताने मळणे, परात उचलणे नाही, फक्त भिंतीवर बोटे चालवत हात वर नेण्याचा व्यायाम रोज करायचा आहे. डब्याच्या गिऱ्हाइकांना आत्ताच सांगून ठेवा, आणि मळण्यासाठी कोणाला बोलवायचे ते या आठवड्यातच ठरवा.